वजीफ्यावर गौराचं नाव

अण्णा सरकारचं बजेट शेवटच्या पानापासून वाचायचे. हैदराबादहून मोटारीनं आले की धूळ न झटकता ओसरीवर मांडी घालायचे आणि ते जाड पुस्तक मागून उघडायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "शाळा-दवाखाने शेवटी लिहित्यात. तिथं काय उरलंय ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं."

अण्णा माझे थोरले भाऊ. निजामाच्या अमलात शेवटी शेवटी हैदराबादला जी कायद्याची सभा भरायची, तिचे ते मेंबर होते. आमचं गाव मुरूमजवळ. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे, आणि वडील लवकर गेलेले, त्यामुळं घरात त्यांचाच शब्द. लोक अजून त्यांना देवमाणूस म्हणतात. म्हणू देत. लोकांना त्यांच्या घरात राहायचं नव्हतं.

एकदा कुणाचं तरी जमिनीचं काम अण्णांनी मार्गी लावलं. त्या माणसानं टोपलीभर वांगी आणून दारात ठेवली. घरात त्या दिवशी नुसती आमटी होती. अण्णांनी टोपली माझ्या डोक्यावर दिली, म्हणाले, "परत देऊन ये." आमची आई, अव्वा, चुलीपुढून ओरडली, "वांग्यानं काय सरकार बुडतंय व्हय?" अण्णा म्हणाले, "पहिलं वांगं लई गोड लागतं अव्वा, म्हणून खायचं न्हाय." मी भर उन्हात दुसऱ्या आळीपर्यंत टोपली वाहिली. त्यांच्या इमानदारीचं ओझं असं नेहमी दुसऱ्याच्या डोक्यावर असायचं.

सरकारनं कर्ज काढावं की नाही, यावर ते पारावर तास तास बोलायचे. म्हणायचे, "विहिरीला काढावं, मांडवाला काढू नये. विहीर नातवाला पाणी देती. मांडव तिसऱ्या दिवशी उतरतो, अन् फेड नातवाच्या गळ्यात." माणसं माना डोलवायची. मी खांबाआडून ऐकायची आणि माझीही मान डोलायची.

मी चौथी झाले तेव्हाची गोष्ट. पुढं शिकणाऱ्या मुलीला सरकारकडून दरमहा पैसे मिळायचे, त्याला वजीफा म्हणायचे. आमच्या भागातून एकच मुलगी गुलबर्ग्याला बोर्डिंगात जाणार होती आणि तिचं नाव अण्णांनी सुचवायचं होतं. शाळेत माझा नंबर पहिला होता, कासाराच्या गौराचा दुसरा. तिला भागाकार मी शिकवला होता. मी तर परकराची घडी घालून ठेवली होती.

अण्णांनी कागदावर गौराचं नाव लिहिलं.

मी विचारलं, "अण्णा, माझा नंबर पहिला न्हाय का?"

"हाय की. पण तू मेंबरची बहीण हायेस. सरकारचा पैसा माझ्या घरात आला की सभेत माझं तोंड बंद."

"मग घरचा द्या."

"घरात कुठं हाय?" हे मात्र खरं होतं. कापडाचं दुकान मुनिमावर सोडून ते हैदराबादच्या वाऱ्या करत होते.

"मग कर्ज काढा. मी काय विहीर न्हाय?"

ते मोठ्यानं हसले. "बघ अव्वा, कशी बोलती!" कौतुक केलं आणि कागद घडी करून खिशात घातला.

गौरा गेली त्या दिवशी मी मोटारीपर्यंत गेले नाही. तिच्या पत्र्याच्या पेटीला पोचा पडावा असं मनात आलं होतं. आजही ते आठवलं तरी लाज वाटत नाही.

पुढच्या वर्षी अव्वानं माझं लग्न ठरवलं. तेव्हा मात्र अण्णांनी कर्ज काढलं. मेंबरच्या बहिणीचं लग्न म्हणून पाच गावांना जेवण घातलं. मुंडावळ्या बांधलेल्या असताना मी त्यांना म्हणाले, "अण्णा, ही विहीर का मांडव?" ते वर मांडवाच्या कापडाकडं बघत राहिले.

निजाम गेला, सभा गेली, मेंबरकी गेली. गौरा मास्तरीण झाली. दर दिवाळीला यायची. ती आली की अण्णा आतून खुर्ची मागवायचे, नवं बजेट तिच्यापुढं ठेवायचे आणि विचारायचे, "तुला काय वाटतं?" दोघं आकड्यांवरून भांडायची. मी माहेरपणाला आलेली असायची, चहा नेऊन द्यायची. ते आकडे मलाही कळत होते. मला कुणी विचारलं नाही.

अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात मी माहेरी महिनाभर राहिले. पेज भरवत होते. एका सकाळी त्यांना बरं वाटत होतं, म्हणून विचारलंच. "अण्णा, तो कागद आज परत पुढ्यात आला तर कुणाचं नाव लिवाल?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. मग म्हणाले, "गौराचंच."

मी पुढचा घास भरवला. त्या माणसानं जन्मात एकदा खोटं बोलावं, एवढीच माझी मागणी होती, आणि ती मी योग्य माणसाकडं केली नव्हती.