पायानं निवडलेलं अंगण

काँक्रीटचं अंगण निवडायचं झालं तर तुम्ही आधी काय कराल? डोळ्यांनी बघाल, हात फिरवाल की पाय ठेवाल?

मोताळ्याच्या रस्त्याला आमचं छोटं यार्ड आहे. आमचे हे आणि जुने मिस्त्री रफिकभाई अंगणं करून देतात. गिऱ्हाइकांना नमुने मी दाखवते. आठ लाद्या जमिनीतच बसवल्यात. गुळगुळीत, रंगीत, दगडी छापाची, वर गिट्टी म्हणजे खडी दिसणारी, झाडूच्या रेघांची, अशा. लाद्या रोज धुतल्या की स्वच्छ होतात. त्यांच्यावर उभं राहून लोक जे बोलून जातात, ते मात्र साचत राहतं.

*

ओल्या काँक्रीटवरून झाडू ओढला की बारीक रेघा उठतात, मग पाय घसरत नाही. पण एक आजी तो नमुना बघून मागेच सरकल्या.

"दारात जलमभर झाडू फिरलेला दिसन! लक्ष्मी येईन कशी वो बाई?"

रफिकभाई म्हणाले, "आजी, झाडू नवा कोरा आनू. त्याले पहिले हळदकुंकू लावू, मंग फिरवू."

आजी पुन्हा पुढं आल्या. "कुंकू मी लावीन," म्हणाल्या.

तेव्हापासून प्रत्येक कामाला नवा झाडू निघतो, आणि कुंकवाची आठवण रफिकभाईच करतात!

*

बीबी गावच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्यानं फोटो पाहून बारीक लालसर गिट्टीचं अंगण करून घेतलं. दिसायला फार सुंदर. पुढं त्याची बायको पिशवी घेऊन आली. तूर वाळत घातली होती, झाडून गोळा करताना सुटी झालेली गिट्टीही त्यात आली. तिनं पिशवी माझ्यापुढं रिकामी केली.

"ताई, यातली तूर कोनती अन् गिट्टी कोनती, तुमीच निवडा!"

दोघींनी बसून निवडली. आता मी रंगाआधी विचारते, अंगणात काय वाळवता?

*

देऊळघाटच्या सुमनकाकूंची नजर शुगरनं गेली. त्यांचा मुलगा महेश नवं घर बांधत होता. चकचकीत रंगीत अंगण त्यानं मोबाइलवर ठरवूनच टाकलं होतं. काकूंनी चपला काढल्या आणि माझा हात धरून आठही लाद्यांवरून चालल्या. झाडूच्या रेघांवर थांबल्या.

"दारापासून नळापर्यंत मले हे पाह्यजे. पायाले आडव्या रेघा लागल्या की समजते, वाटेवर हाये. पान्याले तरी कोनाचा हात धरावा नाही लागन."

"आई, लोक काय म्हनतीन? नवं घर अन् खरखरीत अंगण!"

"लोकं चपला घालून येतात, बाबू."

शेवटी ठरलं, अंगण रंगीत आणि नळापर्यंत रेघांची पट्टी.

*

कामाच्या दिवशी काकू उंबऱ्यात बसून होत्या. रफिकभाईंनी पट्टीवर झाडू ओढायला घेतला.

"रफिकभाऊ, झाडू आडवा फिरवून राह्यले का उभा?"

"आडवाच, काकू."

"मंग झाडूचा आवाज काऊन एवढा लांबलचक येऊन राह्यला?"

रफिकभाईंनी खाली पाहिलं. सवयीनं उभाच, पट्टीच्या लांबीनं ओढला होता! त्यांनी थापीनं रेघा पुसल्या आणि पुन्हा आडव्या काढल्या.

*

अंगण पक्कं झालं, घरचे राहायलाही आले. मग महेशनं चमक देणारं जाड लेपाचं औषध आणलं. दारापाशी दोन हात जागेवर लावून त्यानं आम्हाला बोलावलं. "पाहा, कसं आरशावानी दिसते! पूर्ण अंगणाले हेच मारा."

तेवढ्या जागेत रेघा बुजल्या होत्या. रफिकभाईंनी माझ्याकडं पाहिलं. काकू पायानं चाचपून म्हणाल्या, "मार बाप्पा, घर तुहं हाये. फक्त एक बार जोडे काढ, डोये मीट अन् नळावरून मले गडूभर पानी आन."

महेश हसतच निघाला. पट्टीवरून नीट गेला, गडू भरला, परतही आला. दारापाशी लेपावर पाय पडला आणि तो थांबला. एक पाय पुढं, एक बाजूला. पाणी हातावर सांडलं.

"आई, दार कुठीसा हाये?"

"घरातल्या टाइल्सवर माह्यं रोज असंच होते," काकू म्हणाल्या आणि आवाजाच्या रोखानं हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महेश यार्डात आला आणि त्यानं रफिकभाईंना रेघांच्या आणखी एका पट्टीचं माप दिलं. आईच्या खाटेपासून अंगणाच्या दारापर्यंत, साडेअकरा फूट.