गावठाण वारसा यादीत घालायचं की नाही

आमचं गावठाण अंधेरीत आहे, म्हणजे अंधेरी आमच्याभोवती नंतर वाढली. आम्ही मराठी बोलणारे ख्रिस्ती. पूर्वी शेती, मग गिरण्या आणि ऑफिसं. आमचं घर दुमजली, कौलारू. वर जायचा लाकडी जिना बाहेरून, गल्लीच्या अंगाला. त्याचा कठडा माझ्या आजोबांनी सागवानात कोरून घेतला होता. वर मी आणि आई राहायचो. खाली काका, माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. तो बँकेतून निवृत्त झालेला, काकू गेलेली, मुलगी वसईला दिलेली.

आईला अर्धांगाचा झटका आला आणि ती खाटेला खिळली. तिला डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून माणसांनी उचलायचं. जिना अरुंद, वर जाऊन वळणारा. त्या वळणावर आई डोळे घट्ट मिटून घ्यायची. काकाने तिला आपली पुढची खोली देऊ केली होती, अगदी मनापासून. पण रस्ता दरवेळी नवा करताना उंच होत गेला आणि आमची घरं खाली राहिली. पावसात गटाराचं पाणी काकाच्या खोलीत खाटेच्या पायांपर्यंत चढायचं. अशा खोलीत आईला कसं ठेवणार? ती वरच राहिली.

त्याच सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाचं, रस्त्यालगतचं एक घर विकलं गेलं आणि तिथे बघता बघता उंच इमारत उभी राहिली. शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावायची पाळी आली. तेव्हा गावातल्या काही तरुणांनी आणि एका आर्किटेक्ट मुलीने ठरवलं की अख्खं गावठाण वारसा वस्ती म्हणून सरकारच्या यादीत घालून घ्यायचं. एकदा यादीत गेलं की घर पाडता येणार नाही, बाहेरचं रूप बदलायचं तर परवानगी लागेल. काका त्यांचा पुढारी झाला. काकू गेल्यापासून तो घुम्यासारखा बसून असायचा, आता दारोदार फिरून लोकांना समजावू लागला. त्याला तसं पाहून आई खूश व्हायची.

मी खूश नव्हते. एका बिल्डरचा माणूस गावात येऊन गेला होता. सगळी गल्ली एकत्र आली तर मोठी इमारत होईल, प्रत्येकाला फ्लॅट, आणि लिफ्ट. बाकीचं मी धड ऐकलंही नाही. लिफ्ट हा एकच शब्द माझ्या डोक्यात बसला.

सभा रविवारी, मिसेची प्रार्थना संपल्यावर, चर्चच्या हॉलमध्ये झाली. आर्किटेक्ट मुलीने पडद्यावर फोटो दाखवले. क्रूस, विहीर, ओटे, आणि मग आमचा जिना. फोटो सुंदर होता, खोटं कशाला बोलू. कठड्यावर ऊन पडलेलं, वरची खिडकी उघडी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका पहिल्या रांगेत होता, त्याची मान ताठ झालेली मला मागून दिसली.

मी उठले. मला सभेत बोलायची सवय नाही. मी म्हटलं, "त्या खिडकीच्या आत माझी आई झोपलेली आहे. ती फोटोत दिसत नाही. हा जिना तुम्ही जपणार, मग तिने खाली कुठून यायचं, ते पण सांगा."

आर्किटेक्ट मुलीने, परवानगी घेऊन आतले बदल करता येतात वगैरे सांगायला सुरुवात केली, पण काकाने तिला हाताने थांबवलं. तो माझ्याकडे वळून बोलला, अगदी हळू.

"बाय, घर गेलं की माणसं पण जातात. रस्त्यावरच्या इमारतीत जाऊन बघ. आपलं कोण राहिलंय तिथे? एक तरी दार तू वाजवू शकतेस?"

मी खाली बसले. मग इतर लोक बोलू लागले आणि सभेची वाट लागली. ज्यांना विकायचं होतं ते माझ्या आईच्या नावाने बोलू लागले. त्यांतले कितीतरी जण तिला बघायला एकदाही जिना चढले नव्हते. मला ते ऐकवेना. तरी पुढे सरकारने यादीवर हरकती मागवल्या तेव्हा मी हरकतीवर सही केली. आपल्या बाजूचे लोक आपल्याला आवडत नाहीत म्हणून आईची गरज बदलत नव्हती.

त्यानंतर काकाने माझ्याशी बोलणं सोडलं. मात्र संध्याकाळी जपमाळेला तो वर यायचा, आईसाठी. तिच्या उशाशी बसून नमो मारियाचा पहिला अर्धा भाग तो म्हणायचा, उरलेला मी. आई ओठ हलवायची. तेवढंच आमचं बोलणं. जप संपला की तो आईच्या कपाळावर क्रूसाची खूण करायचा आणि कठड्याला धरून उतरून जायचा. असं कितीतरी महिने चाललं.

आमचं गावठाण यादीत गेलं नाही. हरकती फार आल्या, असं कळलं. मला वाटलं, आता बिल्डरचा माणूस येईल. तो आला, पण रस्त्यालगतच्या घरांसाठी. आतली गल्ली अरुंद, तिथे अग्निशमनाची गाडीसुद्धा वळत नाही, त्यामुळे आमची घरं त्याच्या कामाची नव्हती. मी त्याला गाठून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बघू ना मॅडम, पुढच्या टप्प्यात." मला तिथेच कळलं की पुढचा टप्पा वगैरे काही नाही.

रस्त्यालगतची घरं पाडली. त्यांतली माणसं नालासोपारा, विरार, मिळेल तिकडे पांगली. परत येतो म्हणाली होती, फारशी आली नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या टॉवरचं आवार भराव घालून उंच केलं, आणि त्या पावसात काकाच्या खोलीत पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मी खाली जाऊन त्याच्याबरोबर पाणी उपसलं. तो मला टोचून बोलेल म्हणून मी वाट बघत होते. तो फक्त म्हणाला, "ती बादली दे."

आई ऑगस्टमध्ये गेली, दुपारी, जेवण भरवून झाल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी शवपेटी आली. रिकामी पेटी उभी करून वर नेता आली, पण आईला आत ठेवल्यावर ती जिन्याच्या वळणावर अडली. माणसांनी तिरकी करून पाहिली, मागे घेतली, पुन्हा पुढे आणली. कठड्याचा खांब आडवा येत होता. खाली सगळं गाव छत्र्या घेऊन उभं. पेटी धरलेल्यांतला एक माणूस मला म्हणाला की चादरीत गुंडाळून खुर्चीवरून उतरवू, पेटीत खाली ठेवू.

मी काही बोलायच्या आत काका आपल्या खोलीत गेला आणि करवत घेऊन आला.

"खुर्ची नको," तो म्हणाला. "खुर्चीला ती भ्यायची. मी बघितलंय."

त्याने स्वतः कठडा कापला. सागवान जुनं, लवकर कापेना. एक-दोघे मदतीला पुढे झाले, त्याने करवत सोडली नाही. कोरीव दांडे एकेक करून गल्लीतल्या चिखलात पडत होते आणि कुणी ते उचलत नव्हतं. मी वर पेटीच्या डोक्याशी उभी होते. काकाची घामेजलेली मान तेवढी मला दिसत होती. खांब सुटला तेव्हा त्याने करवत खाली ठेवली आणि पेटीची एक कडी स्वतः धरली. उघड्या बाजूने, गल्लीतून वर केलेल्या हातांवर आई उतरली. आडवी, शांत.

दफन करून आल्यावर काका माझ्याकडे जेवला. पूर्वीसारखा बोलला, आईबद्दल, तिच्या लग्नातल्या बॅन्डबद्दल. वारसा यादीचा विषय त्याने काढला नाही आणि पुन्हा कधीच काढला नाही. यादीसाठी फिरणारी पोरं यायची, तो त्यांना दारातून परत पाठवायचा. पुढच्या पावसाच्या आधी त्याची मुलगी त्याला वसईला घेऊन गेली. त्याची खोली बंद आहे, भिंतींना ओल चढली आहे.

मी वर एकटी राहते. जिन्याला लोखंडी पाइप बसवून घेतला आहे. उतरताना माझेही गुडघे आता कुरकुरतात.

अलीकडे नवी पोरं आली होती. यादीसाठी पुन्हा प्रयत्न करायचा म्हणतात, उरलेल्या गल्लीपुरता तरी. त्यांतली एक मुलगी नम्रपणे म्हणाली, "आंटी, तुमचा विरोध होता ना मागच्या वेळी? का?"

मी तिला आत बसवलं, चहा दिला आणि आईची खाट होती ती जागा दाखवली. तिच्या अर्जावर सही मात्र केली नाही. नाहीही म्हटलं नाही. ती गेल्यावर, सही करू का, हे काकाला फोन करून विचारावं असं वाटलं, फोन हातात घेतलाही. पण त्याला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि हा प्रश्न ओरडून विचारण्यासारखा नव्हता.