बहिणीला पाठवलेलं चित्रांचं पुस्तक

माझी धाकटी बहीण डोंबिवलीला दोन वर्षं उशिरा आली, ती माझ्यामुळे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पन्नाशी उलटली, आता सांगून टाकतो.

आम्ही रत्नागिरीकडचे. ऐंशीच्या दशकात बाबांना डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या कारखान्यात काम मिळालं आणि कोपरला, खाडीच्या बाजूच्या चाळीत, एक खोली. गावाकडचे लोक तेव्हा करायचे तसंच त्यांनी केलं. बायको आणि शाळेच्या वयाचा मुलगा बरोबर आणला, धाकटीला काका-काकीकडे ठेवलं. ‘जम बसला की नेतो’ असं तिला सांगितलं. जम बसायला वर्ष गेलं. शेवटी ठरलं, मे महिन्यात बाबांनी तिला आणायचं आणि जूनमध्ये इथल्या पहिलीत नाव घालायचं.

आई मला म्हणाली, “तिला वाचता येत नाही. तू चित्रं काढ. इथलं सगळं दाखव, म्हणजे आल्यावर बुजणार नाही.” जुन्या कॅलेंडरची पानं कोरी बाजू वर करून तिने दुमडली, सुईदोऱ्याने शिवली. शिमग्याला गावी निघालेल्या एका शेजाऱ्याबरोबर ते पुस्तक जाणार होतं.

मी नऊ वर्षांचा. पहिली चार पानं गुणी मुलासारखी काढली. स्टेशन, नळ, खाडीतली होडी, दारात उभी आई. “माझं नाक केवढं काढलंयस रे,” म्हणत आई भाकऱ्या थापायला गेली आणि तिथूनच बाबांना म्हणाली, “खिडकीखाली आता ती झोपेल हां. लहान आहे.”

खिडकीखालची जागा माझी होती. तिथे वारा यायचा आणि आईचा हात पोचायचा. खरं सांगायचं तर वाऱ्याचं एवढं काही नव्हतं.

उरलेली पानं घेऊन मी बसलो. पाचव्या पानावर शाळेतल्या बाई, चार हातांच्या, चारही हातांत पट्ट्या. सहाव्यावर बैलाएवढा खेकडा, भरतीबरोबर चाळीत शिरलेला, नांगीत दोन वेण्यांची मुलगी. सातव्यावर नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका. यात मात्र मी पदरचं काही घातलं नव्हतं. आठव्या पानावर आमची खोली. बाबा, आई, खिडकीखाली मी. दोन वेण्यांची मुलगी दाराबाहेर, चपलांशेजारी झोपलेली. आईने पुन्हा बघायच्या आत पुस्तक शेजाऱ्याच्या पिशवीत, खाऊच्या पुड्याखाली सरकवलं.

मे महिन्यात बाबा गेले आणि फणस घेऊन एकटेच आले.

“अहो, पोरगी कुठाय?”

“येत नाही म्हणाली. एसटीच्या वेळेला गोठ्यात जाऊन बसली, वासराच्या गळ्यात हात टाकून. वासरू सुटलं, ही सुटेना.”

“घाबरली असेल. पुस्तक नाही बघितलं तिने?”

“तोंडपाठ आहे. वहिनी सांगत होती, चार हातांची बाई बघून तिने आपले हात जोडले. तर ही म्हणते, ‘काकी, देवी नाय ती, शाळेतली बाय हाय.’ खेकड्याला मिशा काढल्यात तिने. घाबरते कसली.”

“मग झालं काय?”

“एकच धोशा, तिथं माझी जागा नाय. कोणी सांगितलं विचारलं, तर तोंड उघडत नाही.”

आई फणसाकडे बघत बसली. बाबांनी फडक्यात बांधलेलं पुस्तक माझ्यापुढे टाकलं. “घे. दादालाच द्या म्हणाली, दुसऱ्या कोणाला नाय.”

संडासाच्या रांगेत उभं राहून मी ते उघडलं. खेकड्याच्या मिशा झोकदार होत्या. आठवं पान दिसेना. भाताची शितं लावून तिने ते पुढच्या पानाला चिकटवून टाकलं होतं, कडा नीट दाबून, म्हणजे मोठ्यांच्या हाती पुस्तक पडलं तरी दिसू नये. त्यापुढच्या कोऱ्या पानावर तिने गावचं घर काढलं होतं. ओळीने झोपलेले काका, काकी, वेण्यांवाली ती स्वतः, आणि तिच्या शेजारी साळिंदरासारखे उभे केस असलेला एक मुलगा. माझे केस तेव्हा तसेच होते.

त्या दिवशी पुस्तक मी पाणी तापवायच्या बंबात घातलं. आईने विचारलं तेव्हा हरवलं म्हणालो.

दोन वर्षांनी ती आली, एकदम तिसरीत. आईने खिडकीखाली अंथरूण घातलं, तर म्हणाली, “दादाला राहू दे. मला पंख्याखाली आवडतं.” पंखा आमच्याकडे नव्हताच. आई-बाबा हसले, त्यात मीही हसलो.

आता ती आंबिवलीला असते. दर भाऊबीजेला ओवाळताना माझ्या टकलावरून बोलते, भाचरं खिदळतात. आई थकली आहे. मटार सोलता सोलता तिचं तेच सुरू होतं, “मी तुला मागे ठेवली. तोच राग होता तुझा. म्हणून आली नाहीस.” बहीण तिला दरवेळी सांगते, “नाही गं, गाव सोडवेना मला.” सांगताना माझ्याकडे बघतसुद्धा नाही. आईला मात्र ते पटत नाही. इतकी वर्षं ती माझा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली आहे आणि मी शेजारी बसून मटार सोलतो.

आईला खरं काय ते सांगणं आणि बहिणीची माफी मागणं, ही दोन्ही माझ्याकडून बाकी आहेत.