गाभण घोडीचा लिलाव
भिजवलेल्या हरभऱ्याचा वास आला की घोड्यांचा बाजार आठवतो. वडील तिथं लिलाव पुकारायचे. पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नाही, हा तिथला रिवाज. एकदा गाभण घोडी वीटभट्टीवाल्याला सुटत होती. तिथल्या ओझ्यानं गाभ टिकला नसता. "दोन वार" म्हणून वडील पुकारायच्या ओट्यावरून उतरले आणि मला म्हणाले, "आता तू पुकार." मग खालून त्यांनी बोली वाढवली. भट्टीवाला हसला, "बाप बोलणार, लेक सोडणार. घरचाच लिलाव हाय की." मी म्हटलं, "मग वाढवा की काका, थांबलेय मी." तो हात झटकत मागं सरला. मी "तीन वार" म्हटलं. घरी येताना वडील रस्ताभर घोडीशीच बोलत होते. आज मी, घरातली पहिली पदवीधर, कॉलेजात शिकवते. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज त्या ओट्यावर सुटलेला आहे.