जोतिरामने उतरवलेला उजेड

पंचवीस वर्षं मी रंगमंचावर मरत आले, आणि दर वेळी मला जोतिरामने मारलं. सांगोल्याच्या मेंढपाळाचा हा मुलगा आमच्या नाटक मंडळीत दिवे सांभाळायचा. दिव्याची वीज मातीच्या नळकांड्यातल्या मिठाच्या पाण्यातून जाई आणि त्या पाण्यात दोरीला बांधलेली धातूची पट्टी असे. ती वर ओढत गेलं की दिवा मंदावत जाई. माझा शेवटचा श्वास आणि त्याचा उजेड एकदमच संपायचे.

आता तो कुंभारीला असतो. काचबिंदूने एक डोळा नेला, दुसऱ्यात थोडं दिसणं उरलं होतं. त्याची मुलगी दिपाली पुण्याच्या प्रयोगशाळेत लेसरच्या उजेडाने अणू गार करते. गेल्या वर्षी ती घरी आली तेव्हा मी तिथेच होते.

"उजेडानं गार?" जोतिरामने भाजल्याचे डाग दाखवले. "ह्या बोटास्नी विचार की!"

"आप्पा, अणू लई पळतात. सहा बाजूंनी उजेड सोडायचा. जिकडं पळेल तिकडचा उजेड त्याला मागं रेटतो. मंदावला म्हणजेच गार झाला. मग मधोमध ठिपका दिसतो, जोंधळ्याच्या दाण्याएवढा."

"मला दाव. डोळा हाय तवर."

"नीट जमू दे. शेवटी आणखी गार करायला उजेड कमी करावा लागतो, तेव्हा विखुरतात मेले."

"कमी कसा करतीस?"

"एका झटक्यात."

"खुळी का काय! दचकत्यात बिचारे. आधी भराभरा उतरव, शेवटाला लई सावकाश. बाईंना तसंच मारायचो की."

ती हसली, पण तसं करून पाहू लागली. जमायला आठ महिने लागले. तोवर दुसराही डोळा गेला.

तरी ती आम्हा दोघांना प्रयोगशाळेत घेऊन गेली. काचेआड निळसर ठिपका मला दिसला. जोतिराम भलतीकडेच तोंड करून उभा होता.

"आप्पा, आधीच आणायला पायजे होतं मी."

"अर्धी तालीम कुणी दावतंय व्हय? कर सुरू."

प्रयोगशाळेतलं सावकाश म्हणजे पापणी लवायच्या आत. दिपालीने कळ दाबली, ठिपका मंदावून विझलासुद्धा. जोतिरामने मात्र आत्ता कुठे मूठ वळली होती. न दिसणारी दोरी तो तसूतसूने वर ओढू लागला.

"बाई, उतरतोय न्हवं?"

काचेआड काळोख होता. दिपालीने तोंडावर हात धरला.

"उतरतोय," मी म्हणाले. "अजून थोडा आहे."

मूठ खांद्याशी आली, थांबली.

"आता?"

"आता गेला, जोतिराम."

त्याने मूठ सोडली नाही.