पाहुणा म्हणून नेलेला फोटोवाला

"बहिणीचं नाव काय?"

परदेशातल्या विमानतळावर काउंटरमागच्या अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं. साधा प्रश्न. मी तिथल्या एका लग्नासाठी नवरीचा मामा म्हणून उभा होतो. म्हणजे नवरीची आई माझी सख्खी बहीण. तिचं नाव सांगायचं, शिक्का घ्यायचा, पुढे जायचं.

मला ते नाव माहीतच नव्हतं.

मॅडम. कित्येक महिने मी त्या बाईंना मॅडमच म्हणत आलो होतो. त्यांच्या मुलीचा साखरपुडा मी शूट केला. त्यांच्या मुलुंडच्या घरी जाऊन फॅमिली फोटो काढले. त्यांना चेहऱ्याची डावी बाजू आवडते, दंड जाड दिसलेले चालत नाहीत, खालून लाइट मारला की राग येतो, सगळं मला पाठ. नाव नाही. आमच्यासारख्यांसमोर त्यांचं नाव कोणी घेतच नव्हतं. लग्नपत्रिकेवरही त्यांच्या नवऱ्याचं नाव आणि त्याआधी नुसतं 'श्री. व सौ.'

"ताई," मी म्हणालो. "आम्ही ताई म्हणतो."

"पासपोर्टवर काय लिहिलंय ते सांगा."

मी पुन्हा 'ताई'च म्हणालो. त्याने माझी बॅग उघडायला लावली. कॅमेरे, लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्यांचा ढीग. त्याने एक लेन्स हातात घेतली, अलगद, सांभाळून. परत ठेवली.

"लग्नाला आलेला मामा एवढं सगळं आणतो?"

शेजारच्या रांगेत नवरीचे वडील होते. आनंदसाहेब. बांधकामाच्या धंद्यातलं मोठं प्रस्थ. अधिकाऱ्याने त्यांना बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आदल्याच आठवड्यात हाच माणूस माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, "अरे, तू तर आता घरचाच झालास." तेव्हा त्यांना एक पोर्ट्रेट फुकटात हवं होतं.

इंग्रजीत म्हणाले, "या माणसाला मी आयुष्यात पाहिलेलं नाही."

मग मागे वळून, मराठीत, माझ्या मालकाला: "समीर, ह्याला माझ्यापासून लांब ठेव. आमचं नाव कुठे यायला नको."

समीर माझ्या मागेच उभा होता. त्याच्याच स्टुडिओत मी इतकी वर्षं काम केलं. त्याच्या नावाखाली छापून येणारे निम्मे फोटो माझे. त्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही.

"हो सर. हो सर."

बस. एवढंच.

देशाचं नाव सांगत नाही. त्या देशाचा यात काडीचा दोष नाही. उलट त्या सगळ्या प्रवासात माझ्याशी सरळ बोललेला माणूस एकच, तो काउंटरवाला. मला एका खोलीत बसवलं, जबाब लिहून घेतला. धंदा काय, असं विचारलं. या वेळी मी खरं सांगितलं. त्याने लिहिलं: छायाचित्रकार. मग पेन ठेवून म्हणाला, "काम करायचं होतं तर तसं सांगून यायचं. त्यासाठी परवाना असतो. तुमच्या मालकाला माहीत नाही?"

मालकाला माहीत होतं. मलाही होतं.

परतीच्या विमानात बसवून मला मुंबईला पाठवलं. भांडुपला घरी आलो तर आई दारात. गिरणी गेली, बाबा गेले, भांडुपमध्ये उभा जन्म गेला, पण आईच्या तोंडातलं मालवणी गेलं नाही.

"काय रे झिला, इतक्यात इलंस? लगीन मोडलां की काय?"

"हो," मी म्हणालो. "मोडलं."

तिने त्या मुलीसाठी देवापुढे हात जोडले. मी आंघोळीला गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

आता जे सांगायचं मी टाळत आलो, ते सांगतो.

हे खोटं समीरचं होतं, पण ते शिकवणारा मास्तर मी होतो. परदेशातलं लग्न आलं की अंधेरीच्या स्टुडिओत आमची शाळा भरायची. मी टेबलामागे बसायचो, अधिकारी व्हायचो. पोरं एकेक करून समोर यायची. "तू कोण?" "नवऱ्याचा मित्र." "कुठला मित्र?" "कॉलेजचा." "कुठलं कॉलेज?" इथे एखादा अडकायचा, सगळे हसायचे. मी ओरडायचो, "वाट लावशील सगळ्यांची! पुन्हा बोल." कॅमेरे वाटून प्रत्येकाच्या बॅगेत एकेक टाकायचे, म्हणजे हौशी पाहुणे वाटू. ती युक्ती माझीच. मी पकडलो गेलो त्या वेळी मात्र दोघांचे व्हिसा अडकले आणि सगळं सामान माझ्याच बॅगेत आलं.

मामा ही आयडिया समीरची. "तुझं आडनाव त्यांच्या घरात कुठे बसणार यार?" हसत म्हणाला होता. "मामा हो. मामाचं आडनाव वेगळंच असतं ना." मीही हसलो. आडनाव ऐकून माणसाला कुठे बसवायचं, पाणी कुठल्या ग्लासात द्यायचं, हे ज्यांना एका क्षणात कळतं, त्यांना माझं आडनाव नात्यात चाललं. फक्त विमानतळापुरतं. हॉटेलवर पोचलं की नातं खलास. मग आम्ही 'क्रू'. क्रूचं जेवण खोक्यात, स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात. एकदा मी चुकून हॉलमध्ये प्लेट घेतली, तर नवऱ्याची काकू लांबून ओरडली, "ओ फोटोवाले, तिकडे बसा ना! व्हिडिओत येताय."

त्या व्हिडिओचा कॅमेरा माझाच होता, बाई.

किळस येते मला या लोकांची. मुलगी निरोप घेताना बाप रडतो ते आम्ही टिपायचं, आणि तो बाप रडणं थांबवून आम्हाला विचारणार, "आलं ना नीट? परत करू का?" आणि परत रडणार. यांच्या अश्रूंना रीटेक असतो. यांच्या आठवणी आमच्या हातांनी तयार होतात आणि ते हात यांना फ्रेममध्ये चालत नाहीत.

पण माझी स्वतःची किळस कमी नाही. दीपालीमुळे.

दीपाली कांदिवलीची. आमच्यात सगळ्यात चांगली. ज्या क्षणी बटण दाबायचं तो क्षण तिला आधी कळायचा. परदेशातल्याच एका लग्नात, वरून शॉट घ्यायला तिला सजावटीच्या लाकडी चौथऱ्यावर चढवलं. चौथरा फुलांसाठी बांधलेला. मोडला. तिच्या खांद्याचं हाड गेलं. हॉस्पिटलात नेताना समीरने मला बाजूला घेतलं. "कामावर पडली म्हणाली तर आपण सगळे आत. समजाव तिला."

मी समजावलं. गाडीत, ती कण्हत असताना, तिच्या कानाशी वाकून. "नाचताना पडले म्हण. पाहुणी आहेस तू."

तिने तसंच सांगितलं. नाचताना पडलेल्या पाहुणीला कोण भरपाई देतो? विमा नाही, करार नाही, मालक नाही. तिचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. कॅमेरा सुटला. मला परत पाठवल्यावर मी तिला फोन केला. काय बोलणार होतो माहीत नाही. झालेलं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"आता कळलं होय, दादा?"

आणि फोन ठेवला. बरोबर केलं.

तो अधिकारी म्हणाला होता, परवाना असतो. हा शब्द डोक्यातून जाईना. वय पन्नाशीकडे झुकलेलं, पोटाला हीच एक कला. घाटकोपरला एक वकीलबाई परदेशात धंदा सुरू करण्याची कागदपत्रं करून देतात असं कळलं. गेलो.

मी विचारलं, "मॅडम, माझ्यासारख्याला तिकडे फोटोग्राफीचा धंदा रीतसर करता येतो का?"

"का नाही येणार? कॅमेरा घेऊन जाता, बॉम्ब नाही." बाई फटकळ होत्या. मग त्या सांगत गेल्या. तिथे स्वतःच्या नावाने धंद्याची नोंदणी करायची. परवान्यावर धंदा कोणता ते लिहावं लागतं, फोटोग्राफी म्हणजे फोटोग्राफीच. तिथला पत्ता, तिथलं बँक खातं, तिथला कर. स्वतःला काम करायचा व्हिसा, आणि बरोबर जो माणूस नेणार त्यालाही. समुद्रकिनारी, रस्त्यावर शूटिंग म्हणजे वेगळी परवानगी. ड्रोन उडवायचा तर आणखी वेगळी. कॅमेरे नेताना इथल्या कस्टममध्ये नोंद करून घ्यायची, नाहीतर परत येताना आपल्याच कॅमेऱ्यावर कर मागतील. ग्राहकाशी लेखी करार, फोटो कोणाच्या मालकीचे ते त्यात स्पष्ट. आणि विमा.

"कोणाचा विमा?"

"सामानाचा. समोरच्याला इजा झाली तर त्याचा. आणि तुमच्या माणसांचा. काम करताना पडलं-झडलं तर?"

मी खाली बघत बसलो. बाईंना वाटलं मी घाबरलो.

"अवघड काही नाही हो यात. वेळ लागतो, इतकंच."

मी घाबरलो नव्हतो. मला पहिल्यांदाच लख्ख दिसलं होतं. समीर याला 'कागदांची नाटकं' म्हणायचा. वेळ जातो, खर्च होतो, म्हणायचा. खोटं. खर्च त्याने आनंदसाहेबांच्या बिलात केव्हाच लावला असता, फुलांच्या खर्चापुढे त्यांना तो दिसलाही नसता. खरी अडचण दुसरी. त्या कागदांवर आम्हाला कामगार लिहावं लागलं असतं. दीपाली कामगार, मी कामगार. कामाचे तास, पगार, जखमेची जबाबदारी, सगळं आमच्या नावासमोर. पाहुणा म्हटलं की यातलं काहीच द्यावं लागत नाही. आम्हाला नात्यात घेतलं ते यासाठी. सोयरीक नव्हती ती, चोरी होती. आमच्या हक्काची.

आणि मी त्या चोरीला टाळ्या वाजवत होतो. सूट घालून. मामा म्हणवून घेताना, खोटं नाही सांगत, छाती थोडी फुगायची माझी. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

समीरचा फोन आला. जणू काही झालंच नव्हतं. "ये रे स्टुडिओत, नवीन लग्न आहे बाहेरचं. तुला नेता येणार नाही, पण पोरांची तयारी करून घे. तुझ्यासारखी कोणाला जमत नाही."

गेलो. टेबल तेच. समोर नवीन मंडळी, एक जण जोगेश्वरीचा, नुकतंच लग्न झालेला, एक मुलगी हसऱ्या चेहऱ्याची. समीर खुर्चीत रेलून.

"चल, सुरू कर. ह्याला मावसभाऊ करू या."

मी त्या माणसाला म्हणालो, "तू तिथे काय करायला चाललायस?"

तो हसला. "लग्नाला."

"काय करायला?"

"सर, फोटो काढायला."

"मग तेच सांग. आणि ह्यांच्याकडे काम करायचा व्हिसा माग, लेखी करार माग, विमा माग. देत नसतील तर जाऊ नकोस."

समीर उठून बसला. "ए, डोकं फिरलं का तुझं?"

"नाही."

"वकील झालास का? मोठा आला कायदा शिकवणारा! अरे, तुला विमानात मी बसवलं. तुझ्या खानदानात कोणी समुद्र ओलांडला होता का?"

"बसवलंस ना. आणि खाली उतरल्यावर ओळखलं नाहीस."

"मग काय करणार होतो? साहेबांच्या घरचं लग्न बोंबलवू? एका माणसासाठी?"

एका माणसासाठी. हे त्याने रागात म्हटलं असतं तर कदाचित मी सोडून दिलं असतं. तो खरंच विचारत होता. त्याला उत्तर माहीत नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "एका माणसासाठी."

ती हसरी मुलगी हसायची थांबली होती. तिने व्हिसाचं कसं करायचं ते मला हळूच विचारलं. समीरच्या देखत. मी त्याच्याच टेबलावर बसून सांगितलं, सगळं. तो केबिनमध्ये निघून गेला. जाताना म्हणाला, "तुला आता कुठलाच देश घेणार नाही. आणि अर्ज केलासच तर परत पाठवलं होतं हे लिहू नकोस, येड्या. सगळे 'नाही' लिहितात."

वकीलबाईंनीही तो प्रश्न दाखवला. अर्जात असतो: तुम्हाला कधी कुठल्या देशाने प्रवेश नाकारला आहे का? बाई म्हणाल्या, "हे लपवायचं नाही. पण लिहिलंत तर नकार येऊ शकतो. माझ्याकडून खात्री नाही."

मी त्याच देशाचा अर्ज मागितला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तोच का? जगात दुसरे देश नाहीत?"

"तिथेच मी खोटं बोललो."

'होय' लिहिलं. खाली कारणासाठी जागा होती. ती पुरली नाही, वेगळा कागद जोडला. मालकाच्या सांगण्यावरून मी नातेवाईक असल्याचं खोटं सांगितलं. याआधीही सांगितलं होतं. इतरांनाही तसंच सांगायला शिकवलं. एक सहकारी कामावर जखमी झाली तेव्हा तिलाही खोटं बोलायला लावलं. बाई म्हणाल्या, "हे शेवटचं कोणी विचारलेलं नाही." मी म्हटलं, "राहू दे."

नकार येईल. बहुतेक येईलच. मग पुन्हा अर्ज करीन, याच उत्तरासकट. तोवर इथे बारशी, मुंजी, दुकानांची उद्घाटनं शूट करीन, पण समीरच्या दारात उभा राहणार नाही आणि कोणाला खोटं शिकवणार नाही. जो फोटोग्राफर या धंद्यात नवा येईल त्याला समीरचं नाव घेऊन सांगेन की हा माणूस तुम्हाला काय करायला लावतो. त्याला हवं तर त्याने माझ्यावर केस करावी. कोर्टात तरी त्याला आम्ही त्याचे कोण होतो ते शपथेवर सांगावं लागेल.