वाळवीचं मडकं

आज लातूरच्या घरात पुस्तकांच्या कपाटामागे वाळवी निघाली. त्या ओलसर मातीच्या वासानं मला किनवटजवळच्या गावातली काकू आठवली.

मी सातवीत होते, सुट्टीत तिच्याकडे गेले होते. मुंगसानं कोंबडी नेली आणि सहा पिल्लं मागे उरली. काकूनं मडक्यात शेण आणि पाचोळा भरून ते वाळवीच्या जागी पालथं घातलं. चार दिवस माहेरी जाताना मला म्हणाली, "रोज मडकं झाडून वाळवी पिल्लायला घाल. नुसत्या कणीनं पोट भरतंय, पायात जोर येत न्हाई. इंग्रजी शाळंतली हायस, एवढं जमल ना?"

प्रोटीनची व्याख्या मला पाठ होती. पण ती वळवळ पाहून हात पुढे होईना. चारही दिवस मी कणीच टाकली.

काकू परत आली. "वाळवी घातली का गं?"

"हो."

तिनं मडकं उचललं. आत वाळवी गच्च भरली होती. एक पिल्लू पाय पसरून पडलं होतं. तिनं बोटावर वाळवी घेऊन त्याच्या चोचीशी धरली. त्यानं चोच उघडली नाही.

काकू ओरडली नाही, म्हणून तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आज वाटतं, ओरडली असती तर बरं झालं असतं.